चाळिसाव्यानंतरची ड्यूटी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

डॅन्यूबकाठचं रुसे शहर, आमचा बिस्किटांचा कारखाना, नोव्हेंबरातला शनिवार. तोही भरदुपारी. भुतांना रात्रच लागते म्हणणाऱ्यांनी आमचं ऑफिस पाहिलेलं नाही.

ओग्नियानकाका आमचं नेटवर्क सांभाळायचे, मी त्यांच्या हाताखाली. फायरवॉल आणि प्रॉक्सी सर्व्हरवर अँटीव्हायरस बसवा, येणारं सगळं दारातच तपासलं जाईल, म्हणून ते वर्षानुवर्षं मालकाच्या मागे लागले होते. मालक बालेव दाद देत नव्हता. शेवटी व्हायरस घुसला, कारखाना ठप्प झाला आणि खापर काकांवर फुटलं. रात्रंदिवस जागून त्यांनी सगळं पुन्हा सुरू केलं... आणि सर्व्हरच्या खोलीतच प्राण सोडला.

माणूस गेल्यावर अँटीव्हायरसला परवानगी मिळाली.

त्या शनिवारी काकांचा चाळिसावा होता, जाऊन चाळीस दिवस झाले होते. त्यांची बायको लिल्यानाकाकू, त्यांच्या नावाने उकडलेला गहू वाटायला गेटवर आल्या.

"मिलेना, आज जीव इथून सुटतो. त्यांचं नाव काढ गं त्या मशीनमधून. जन्मभर राबले, आता जाऊ दे."

मी शब्द दिला.

पण आमच्याकडे गेलेल्या माणसाचं खातं कुणी काढत नाही. काढलं की काहीतरी बंद पडतं. सगळे अधिकार काकांच्याच खात्याला जोडलेले.

"त्याच्याच नावाने चालव," बालेव म्हणाला आणि जेवायला घरी गेला.

मी अँटीव्हायरस बसवला. संशयास्पद फाईल आली की पडद्यावर प्रश्न येणार, सोडू की अडवू? उत्तर माणसानेच टाइप करायचं.

पहिली फाईल आली. मी हात पुढे केला...

उत्तर आधीच गेलं होतं. अडवा.

खाली काकांचं नाव.

मी पासवर्ड बदलला. दुसरी फाईल आली...

पुन्हा तेच.

मग सर्व्हरच्या बंद खोलीतून आवाज आला. टक... टक... काका दोनच बोटांनी टाइप करायचे.

आणि काकांचा तो सिगारेटचा कोरडा खोकला...

मी दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

कीबोर्डच्या कळा मात्र खाली जात होत्या.

बालेवला फोन लावला, सगळं सांगितलं.

त्याने विचारलं, "काही चुकतंय का त्याचं?"

"नाही."

"मग राहू दे की. नवीन माणूस शोधायचा ताप वाचला."

थट्टा करत नव्हता तो. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती. मी तिथल्या तिथे काकांचं खातं काढून टाकलं. आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी काकूंसोबत चर्चमध्ये गेले. त्यांनी मेणबत्ती खाली, मृतांच्या जागी लावली.

"सुटले ना गं?"

"हो काकू. सुटले."

त्या रडल्या. बऱ्याच दिवसांनी हलकं वाटतंय म्हणाल्या.

माझ्या खिशातला फोन थरथरला... अँटीव्हायरसचा निरोप, फाईल अडवली.

नाव तेच.

रविवार होता. तरी त्यांना सुट्टी नव्हती.