कोऱ्या पत्र्याचा धूर

अल धैदच्या खजुरीच्या बागांमागे उबैद बिन मुसब्बहचं घर होतं आणि घराला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये त्याची जुनी जीप. जन्मभर वीजकेंद्रात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला माणूस. उष्णता कुठून पळते आणि कुठे अडते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. वाळूचे डोंगर चढायला म्हणून त्यानं जीपच्या इंजिनाला जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला होता. हा टर्बो जोर केला की विस्तवासारखा लाल व्हायचा आणि त्याच्या झळा वायरींना, ब्रेकच्या नळीला, आत येणाऱ्या हवेच्या पाइपला लागायच्या. गरम हवा प्यायलेलं इंजिन दमतं. म्हणजे टर्बोला काहीतरी पांघरायला हवं होतं. काय पांघरायचं, इथे घोडं पेंड खात होतं.

खरं तर घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं, आणि ते त्याच्या मुलीला पक्कं माहीत होतं. अफ्रा दर शुक्रवारी अबू धाबीहून यायची, त्याला कायमचं आपल्या घरी घेऊन जायला. दर शुक्रवारी एकटीच परत जायची.

"बाबा, बॅग भरू का?"

"भर की. गाडी झाली की निघू."

"आणि गाडी कधी होणार?"

"उष्णतेचं तेवढं राहिलंय."

"मागच्या शुक्रवारीही तेवढंच राहिलं होतं." मग तिचा आवाज चढायचा. "ऑगस्टमध्ये याच शेडमध्ये चक्कर येऊन पडला होतात. शेजारचे सुहैलकाका सहज डोकावले म्हणून वाचलात. पुढच्या वेळी कोण डोकावणार आहे?"

उबैद पाना उचलायचा आणि बॉनेटखाली डोकं घालायचा. पालथ्या घड्यावर पाणी. शम्मा, त्याची बायको, उन्हाळ्याच्या तोंडावर गेली होती. ती गेल्यापासून घरात त्याचा जीव रमेना आणि घर सोडवेना. मधली जागा म्हणून त्यानं शेड धरली होती.

सामान तो बहरोझच्या दुकानातून आणायचा. बहरोझ इराणी, बोलायला गोड आणि विकायला त्याहून गोड. त्यानं आधी काचेच्या धाग्याची पट्टी दिली. उबैदनं ती पाण्यात भिजवली, टर्बोच्या नळीवर ओली असतानाच कचकचून गुंडाळली, तारेनं आवळली आणि इंजिन चालू केलं. नवी पट्टी पहिल्यांदा तापली की धूर करते, हे कुणालाही ठाऊक असतं. धूर आला. कोंदट, घशाला बसणारा.

आणि त्या धुरात मध्येच शम्माच्या उदाचा वास आला.

उबैदचा हात पान्यावर तसाच राहिला. तिकडे प्रत्येक घरच्या बाईचा ऊद वेगळा. साखरेच्या पाकात उदाची पूड, चंदन, केशर, गुलाबपाणी घालून बायका वड्या करतात आणि आणखी काय घालतात ते कुणाला सांगत नाहीत. शम्मानं अफ्रालाही सांगितलं नव्हतं. तिच्या वड्यांची खूण एकच होती, पाक नेहमी किंचित करपलेला. चुलीवर पाक ठेवून ती बहिणीशी फोनवर बोलत बसायची. "शेजाऱ्यांना कळायला हवं ना, धूप कुणाच्या घरचा ते," असं वर म्हणायची. शेवटचा डबा दुखवट्याच्या दिवसांत, भेटायला येणाऱ्यांपुढे धूप फिरवता फिरवता संपला होता.

उबैद शहाणा माणूस. त्यानं विचार केला, धाग्याला खळ लावलेली असते. खळ जळली की साखर जळल्यासारखा वास येणारच. बाकीचं आपलं मन जोडतंय. दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन पुन्हा तापवलं. वास आला नाही, कारण खळ एकदाच जळते. हिशेब चोख जमला. तरी तो स्टूल ओढून तापलेल्या इंजिनाशेजारी बराच वेळ बसून राहिला, आणि उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

दोन दिवसांनी ती धडधाकट पट्टी उतरवून तो बहरोझकडे गेला.

"काय झालं? फाटली?"

"दुसरं काही दाखव."

बहरोझनं ज्वालामुखीच्या दगडाच्या धाग्याची पट्टी दिली. "हिला खळ नाही. धूर अगदी नावाला."

धूर खरंच नावाला आला. वास मात्र पहिल्यापेक्षा जास्त आला, केशरासकट. दुसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. मग उबैदनं टर्बोची गोधडी आणली. आत चिनीमातीचा कापूस आणि वरून जाळी असं ते झाकण असतं. मग सोनेरी मुलामा दिलेला कागद आणला. दर वेळी जळण्याजोगं कमी असायचं आणि वास अधिक स्पष्ट यायचा. हे उलटं होतं. वीजकेंद्रात असं कुणी त्याला सांगितलं असतं तर त्यानं त्याला घरी पाठवलं असतं.

"बू अफ्रा, तुमच्या टर्बोला थंडी वाजते की काय?" बहरोझनं विचारलं. अफ्राचा बाप, म्हणून बू अफ्रा. "एवढी पांघरुणं तर माझ्या सासूलाही लागत नाहीत."

उबैद हसला नाही. "ज्यात जळण्यासारखं काहीच नाही, असं काय आहे तुझ्याकडे?"

बहरोझनं त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस वाळला होता, डोक्यावरचा रुमाल मळला होता. "पत्रा आहे," तो हळूच म्हणाला. "साधा स्टीलचा पत्रा. टर्बोपासून बोटभर लांब लावायचा. मधली हवाच उष्णता अडवते. पण बू अफ्रा, जेवता ना वेळेवर?"

पत्रा घरी आणून उबैदनं स्पिरिटनं पुसला. मग साबणानं धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा पुसला. हातमोजे घालून टर्बोवर बसवला. आधीचं सगळं काढून टाकलं होतं. आता मनाशीसुद्धा खोटं बोलायला जागा उरली नव्हती. हे त्यानं गाडीसाठी केलं नव्हतं. शम्मा भेटायला येते, दर वेळी जरा जवळ येते, आणि पुढच्या वेळी कदाचित बोलेल, एवढ्याच आशेवर तो जगत होता.

शुक्रवारची दुपार होती. नमाज आटोपून तो शेडमध्ये आला. अफ्रा स्वयंपाकघरात त्याच्यासाठी गोड शेवया करत होती. त्यानं इंजिन चालू केलं आणि बॉनेटपाशी उभा राहिला.

टर्बो तापला. पत्रा निळसर झाला.

मग कोऱ्या पत्र्यावरून पांढरा, बारीक धूर उठला.

ऊद, चंदन, केशर, गुलाब. त्यामागून करपलेला पाक. आणि ती आणखी एक गोष्ट, जिचं नाव तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"बाबा!" दारात अफ्रा उभी होती, हातात शेवयांची थाळी. "हा आईचा ऊद आहे. कुठे मिळाला तुम्हाला?"

"तुला येतोय वास?"

"येतोय म्हणजे काय! करपलेल्या साखरेसकट येतोय."

उबैदनं धावत जाऊन इंजिन बंद केलं. धूर थांबला नाही. तो वरही गेला नाही. छातीच्या उंचीवर आला आणि तिथेच सरळ पुढे सरकू लागला, कुणी धुपाटणं हातात धरून चालत यावं तसा.

तो उबैदपुढे थांबला. रुमालाच्या एका टोकाखाली गेला. मग दुसऱ्या. मग दाढीखाली.

उबैद रडत होता आणि हसत होता. "आलीस," तो म्हणत होता, "आलीस ना."

धूर त्याला सोडून अफ्राकडे वळला. थोरल्यानंतर धाकटं, रीतीप्रमाणे. तिच्या ओढणीखाली तो क्षणभर रेंगाळला.

अफ्रानं थाळी खाली ठेवली.

"बाबा, आई आलेली नाही."

"मग हे काय आहे?"

"धूप कुणापुढे फिरवतात?"

"पाहुण्यापुढे."

"कोण फिरवतं?"

ते तर लहान मुलालाही ठाऊक असतं. घरची बाई फिरवते. आणि धूप फिरला की पाहुण्यानं बसायचं नसतं. किती वेळा शम्मानं लोचट पाहुणे असे हसतमुखानं उठवले होते.

"हे माझं घर आहे," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज अगदी लहान झाला होता.

धूर पुन्हा त्याच्यापुढे येऊन थांबला.

मग उबैद उठवलेल्या पाहुण्यासारखाच वागला. शेवयांचे उभ्यानं दोन घास खाल्ले. शेडकडे पाहून म्हणाला, "बरकत असो या घरात." बॅग अफ्रानं भरली. त्यानं खिडक्या लावल्या, घराला कुलूप घातलं, अंगणाचं लोखंडी फाटक ओढून घेतलं, त्यालाही बाहेरून कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. किल्ल्या खिशात टाकून तो अफ्राच्या गाडीत बसला. दोघांच्याही कपड्यांना वास येत होता.

अफ्रा सावकाश निघाली. खजुरीच्या कुंपणालगतचा तो रस्ता पार टोकाला जाऊन वळतो. शम्माची एक सवय होती, पाहुण्याची गाडी तिथे वळून दिसेनाशी होईपर्यंत ती फाटक लावायची नाही. पाठमोऱ्या माणसावर दार लावू नये म्हणायची. मग कितीही ऊन असो.

उबैदनं बाजूच्या आरशात पाहिलं.

फाटक हातभर उघडं होतं.

अफ्रानंही आरशात पाहिलं आणि तिचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस," उबैद म्हणाला. "लवकर वळव, पोरी. उन्हात उभी आहे ती."

गाडी कोपऱ्यावर आली. कुंपण आड येण्याच्या अगदी आधी त्यानं पाहिलं, फाटक हळूच आतून लागलं.