शिकाऱ्याची बाजू

दिवा राहू द्या तिथंच. माझा चेहरा नीट दिसला पाहिजे तुम्हाला.

मी आणि दादा जुनी तैलचित्रं साफ करतो. एकानं डावीकडून, एकानं उजवीकडून सुरुवात करायची आणि मधे भेटायचं, ही वडिलांपासूनची पद्धत. हे चित्र आलं ते जुन्या वॉर्निशनं पार काळवंडलेलं. गोष्ट परदेशी पुराणातली. रानात आंघोळ करणारी देवी एका शिकाऱ्याच्या नजरेस पडते, ती शाप देते, आणि त्याचीच कुत्री धन्याला न ओळखता त्याला फाडतात. चित्रकारानं सगळं जुन्या फ्रेंच उस्तादांकडून उचललेलं. देवी एकाची, झाडं दुसऱ्याची, कुत्री तिसऱ्याची. त्या मूळ चित्रांच्या छापील प्रती आम्ही भिंतीला टाचल्या होत्या. शिकाऱ्याचा चेहरा तेवढा कुठंच सापडेना.

डावी बाजू कायम दादाची. त्या दिवशी मी कापूस घेऊन आलो, तर हा उजवीकडे देवीपाशी बसलेला. हाताला पट्टी.

"काय रे झालं?"

"आपलं कुत्रं चावलं. तू शिकाऱ्याची बाजू घे आज."

"देवीशी सलगी करायचीय म्हण की!"

तो हसला नाही. मीही फार विचार केला नाही. थोरला भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण करतो?

दुपार कलली तेव्हा मी चेहऱ्यापाशी पोचलो. जुनं वॉर्निश सुटता सुटत नाही, हात भरून येतात. हे पहिल्याच बोळ्याला सुटलं. चिकट, ताजं, आणि वास आमच्याच वॉर्निशच्या बाटलीचा. कुणीतरी चेहरा उघडून पुन्हा झाकला होता.

"दादा... तू उघडलं होतंस हे?"

तो पाठमोराच राहिला. "अर्धंच..."

तोवर माझा हात फिरून गेला होता. साधासा माणूस. 'अरे, मीच आहे' असं सांगताना उघडतं, तसं त्याचं तोंड उघडं होतं.

संध्याकाळी एकत्रच घरी निघालो. फाटकापाशी कुत्रं माझ्यावर दात काढून गुरगुरलं. मग दादापाशी गेलं आणि त्याची पट्टी चाटू लागलं. तेव्हा मला कळलं. चेहरा उघडणाऱ्याला शिकाऱ्याचा शाप लागतो, आणि अर्धा लागलेला तो दादानं माझ्यावर ढकलला होता. पाठच्या भावाचा केसानं गळा कापला होता त्यानं. राग नाही आला हो.

बायकोनं दार उघडलं. साखळी काढलीच नाही.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"अगं, मी..."

ती माझ्या खांद्यावरून मागे बघू लागली. "भावोजी, कोण हो हे?"

"दादा, सांग ना हिला!"

दादानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं होतं त्यानं मला, शपथेवर सांगतो. डोळे भरले होते त्याचे.

"मी नाही ओळखत यांना," तो म्हणाला. तिनं साखळी काढली, तो मला ओलांडून आत गेला.

आतून कुणीतरी विचारलं, "कोण आलंय रे दादा?"

आवाज माझा होता.

"कुणी नाही रे, घर चुकलेत," दादा म्हणाला, आणि चौकटीवरची माझी बोटं हलकेच बाजूला करून त्यानं दार लावलं.