पुलावरच्या बारा फळ्या

सातपुड्यातल्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेची आता पायवाट झाली होती. रूळ गेले होते. बोगदा, दरीवरचा पूल आणि कड्याच्या कुशीतले ते सौम्य वळण मात्र अजून कुणाच्या तरी कष्टाची साक्ष देत होते.

शुक्रवारी सकाळी त्या पुलावरच्या बारा फळ्या गायब झालेल्या आढळल्या. रविवारी शाळेची सहल येणार होती. त्याआधी चोर सापडला नाही, तर राखणदार भटूची नोकरी जाणार होती. भटूने जळगावहून खासगी गुप्तहेर चारुलताबाईंना बोलावले. सोबत त्यांचा सहकारी नवीन आला.

फळ्यांच्या जागी नुसते बोल्ट उभे होते. प्रत्येकावर नट पुन्हा चढवलेला, ताजे तेल लावलेला.

"चोर नीटनेटका दिसतो," नवीन म्हणाला.

पुलाअलीकडे पळसाला लाल कापड बांधलेले होते. खाली कुंकू, नारळ. नवीनने हात जोडले. दरीतल्या ओढ्यातून पलीकडे गेल्यावर तसेच कापड दिसले. चारुलताबाईंनी पावले मोजली. दोन्हीकडे पुलापासूनचे अंतर सारखेच.

सकाळी पूल बंद झाल्यापासून प्रमिलाबाईंच्या चहाच्या टपरीवर गर्दी वाढली होती. संशयाचे त्यांना हसू आले. डांबर लावलेल्या फळ्या जाळल्या, तर धुरकट चहा कोण पिणार? चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटीच होती. कापड त्यांना आज सकाळीच प्रथम दिसले होते. देवीचे समजून त्यांनीच नारळ ठेवला होता.

या मार्गावर रुळांची देखभाल केलेले जुने गँगमन झुलाल आबाही पुलाशी उभे होते. ते फळ्यांच्या जागेकडे नव्हे, खालच्या दगडी खांबाकडे पाहत होते.

दुपारी चारुलताबाईंनी पायवाटेच्या व्यवस्थापकासह सर्वांना पुलाशी बोलावले.

"चोर नट फेकून देतो. रेल्वेमार्गावर राबलेला माणूस तो बोल्टवर परत चढवतो, कारण फळी पुन्हा बसवायची असते. काम सुरू करण्याआधी तो दोन्ही बाजूंना मोजून लाल कापड लावतो. आपण नमस्कार केला; ती थांबण्याची खूण होती. आबा, फळ्या कुठे आहेत?"

"बोगदामा. बठ्ठ्या बारा." आबांचा आवाज शांत होता. "खांब तडकेल शे. साहेबले तीनदा सांगं. म्हनेत, आबा, तुमनी नोकरी सरी गयी. आज बोलतू, ते खांब न दखताच फळ्या लगेच बसतीन. पन भटूवर येई, हाई मना ध्यानमा उनं नही."

व्यवस्थापक खाली उतरला. खांबाच्या भेगेत त्याचा हात मनगटापर्यंत गेला. वर येऊन त्याने शाळेला फोन करून सहल रद्द केली, आणि मग भटूची माफी मागितली.

भटू आबांसमोर येऊन उभा राहिला.

"आबा, सकाय माले बी संगे लई चाला. पूल कसा तपासतस, ते दखाडा."

"सकाय कसाले? आत्तेच चाल," आबा म्हणाले आणि पुलाखाली उतरू लागले.