लूमवरचा लाल दिवा

सुंदरा त्या दिवशी निघाली होती साधी चोरघंटी आणायला. बाकी काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. दिवा जरा पुढं सरकवा, म्हणजे सांगताना तुमची तोंडं दिसतील मला.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतरची दुसरी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. ही खानदेशातली माणसं कतारगामात राहायची. नवरा सुकदेव लूमवर कापड विणायचा. लूमच्या शेडला तिकडं खातं म्हणतात, त्याच खात्यात सुंदरा बॉबिनी भरायची. खोली अगदी समोर, रस्ता ओलांडला की दार. लेक उज्ज्वलाचं लग्न आखाजीनंतर नवव्या दिवशी. तिचे दागिने पत्र्याच्या पेटीत आले, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या शांताबाईची खोली भर दुपारी फुटली. कुलूप जसंच्या तसं, कोयंडा तेवढा उपटलेला. झालं! सुंदराचा जीव त्या पेटीत अडकला. घडीघडी उठून ती रस्त्यापलीकडं बघून यायची, अन् मागं बॉबिनीचा दोरा तुटायचा.

"कुत्रं पाळू," सुकदेव म्हणाला.

"जेवून झोपणारं एक आहे की घरात."

"मग गुरखा ठेवू."

"तो शिट्टी फुंकतो, म्हणजे चोराला कळतं का हा आता कुठं आहे. लई उपकार!"

स्टेशनाजवळच्या दुकानात नव्या तऱ्हेची चोरघंटी मिळते असं कळलं, म्हणून दोघं तिथं गेली. दुकानदारानं पेटी उघडून दाखवली. "बेन, महिने के महिने भरो. घंटी हमारे यहाँ बजेगी, हमारा माणस दौडेगा."

"तुमचा माणूस बसतो कुठं?"

"अठवा लाइन्स."

"तो कतारगामला येईस्तोवर चोर चहा पिऊन, कपबशी धुऊन जाईल," सुंदरा म्हणाली. "चला हो. आपलं घर आपणच बघू."

गावचाच उखा खात्यातल्या मोटारी दुरुस्त करायचा. त्यानं खोलीच्या दाराला बटण बसवलं, रस्त्यावरून वायर ओढली आणि घंटी टांगली खात्यात, सुकदेवच्या लूमवर. दार उघडलं की घंटी वाजणार. उज्ज्वलाला परीक्षा घ्यायला घरी पाठवलं. ती दार उघडतेय, लावतेय, उघडतेय, लावतेय. कुणी येईना. शेवटी पोरगी कंबरेवर हात ठेवून खात्यात आली. "बापू, मला चोरांनी उचलून नेलं असतं तरी तुम्ही इथं विणतच बसला असता!"

घंटी तर वाजतच होती हो. पण चोवीस लूम एकदम खडखडत असताना तिथं घंटी कोण ऐकणार? वीस वर्षं ही माणसं तिथं हातांच्या खुणांनी बोलत होती, अन् ध्यानात एकाच्याही आलं नाही. खातं दिवसभर हसलं. उखानं कान धरले, घंटी काढली आणि तिथं लाल दिवा लावला.

"आता पेटला की पळा, वहिनी."

लाल दिव्याखाली सुंदरा निवांत बॉबिनी भरू लागली.

आता वत्सलाचं सांगते. सुकदेवची थोरली बहीण, तो तिला बाई म्हणायचा; उज्ज्वलाची फुई, म्हणजे आत्या. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी ही दरसाल गावच्या घरी यायची, सांजोऱ्यांचं गाठोडं आणि मिश्रीची डबी घेऊन; सुकदेवही बायको-लेकीला घेऊन आखाजीला गावीच जायचा. दारात आली की हाक मारायची नाही, कडी तीनदा वाजवायची. आणि एकटी कधी आली नाही बाई! वाटेत भेटेल त्याला जेवायला धरून आणायची. कधी बैरागी, कधी चुकलेली म्हातारी. "अजून एक पाट मांड व, सुंदरा," म्हणत आत शिरायची.

गावाकडं तापीत आंघोळ करताना एकदा तिची नाकातली मोरणी गळून पडली. हिरव्या खड्याची, सोन्याची. सगळे हळहळले, ही हसत सुटली. "तापी जाते सुरतेलाच. माझ्या उज्ज्वलाला पोचती करील लग्नापर्यंत." पुढं ती वारली. राखही तापीतच सोडली.

लग्नाच्या घाईत गावी जाणं झालं नाही, म्हणून त्या साली आखाजीची घागर पहिल्यांदाच सुरतेत भरली. गेलेल्या माणसासाठी घागर ठेवायची, निखाऱ्यावर घास टाकायचा, नाव घेऊन बोलवायचं. सुकदेवनं घास टाकला आणि घसा खाकरला. "बाई, जेवायला ये. गावी जाऊ नको, आम्ही कतारगामात आहोत. लूमच्या खात्यासमोर, निळं दार."

"पिनकोडही सांगा," उज्ज्वला म्हणाली. हसता हसता सुंदराच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवशी तारांचं काम काढलं होतं. सकाळपासून सगळ्या गल्लीची लाइट बंद. लूम थांबलेले, कारागीर तेलपाणी करत बसलेले. दुपारी खोलीला कुलूप घालून तिघंही खात्यात आली, सगळ्यांना सांजोऱ्या वाटायला.

थांबलेलं खातं पाहिलंय कधी? कानांना ती शांतता सोसत नाही. तेलाचा वास. पत्र्यावर उन्हाचं टिकटिक. कुणी बोललं की आपलाच आवाज परक्यासारखा वाटतो...

सुंदरा टोपली घेऊन लुमांच्या मधून चालली होती. उखाच्या हातातली सांजोरी तोंडापर्यंत गेली आणि तिथंच राहिली.

"वहिनी..."

लाल दिवा पेटला होता.

विझला. पेटला. विझला. पुन्हा पेटला.

मग विझला तो विझलाच.

"लाइट नाही..." उखा पुटपुटला. "वहिनी, लाइटच नाही, मग हा कशावर..."

सुंदरानं टोपली टाकली आणि पळाली. मागं सुकदेव, उज्ज्वला, तेलकट हातांचे आठ-दहा कारागीर. दाराशी येऊन सगळे थबकले. कुलूप होतं तसं. कोयंडा होता तसा.

कुलूप काढून आत शिरले, तर गार वाटलं. वैशाखातल्या दुपारी पत्र्याखालची ती खोली, आणि नदीकाठी असतो तसा गारवा. ओल्या वाळूचा वास. त्याच्यात मिसळलेला भाजक्या तंबाखूच्या मिश्रीचा. घरात मिश्री कुणी लावत नव्हतं. घागर काठोकाठ भरलेली होती सकाळी, आता चार बोटं खाली...

सुंदरानं पेटीचं कुलूप काढलं. पोत होती. पाटल्या होत्या. झुमके होते. एकेक उचलून बघितलं, काही गेलं नव्हतं.

"माय," उज्ज्वला हळूच म्हणाली, "हे कुणाचं?"

पाटल्यांच्या खालचं फडकं ओलं होतं. त्यावर चिमूटभर काळी वाळू, आणि वाळूत हिरव्या खड्याची मोरणी.

सुकदेवनं ती उलटून पाहिली. लहानपणी त्यानंच दातानं चावून आकडा वाकवला होता, मार खाल्ला होता त्यापायी. आकडा तसाच वाकडा होता. तो तिथंच फतकल मारून बसला आणि रडता रडता हसायला लागला. "आली, माझी बाई आली! पत्ता सापडला तिला!"

"चोरी धरायला दिवा लावला," सुंदरा म्हणाली, "अन् आहेर सापडला." तिच्या अंगावरचा काटा काही बसेना, पण तोंडभर हसू होतं. लग्नात उज्ज्वला ती मोरणी घालूनच उभी राहिली. असं लग्न गल्लीनं पाहिलं नव्हतं, खात्यातला एकेक माणूस नाचला.

लग्नानंतर राखायला काही उरलं नाही. उखानं वायर गुंडाळून घरी नेली. लूमवर दिवा तेवढा राहिला, कशालाच न जोडलेला.

पुढच्या आखाजीला उज्ज्वला माहेरी आली. दोघी मायलेकींनी घागर भरली, वत्सलाचा पाट मांडला, दाराला कडी घातली आणि सांजोऱ्या घेऊन खात्यात आल्या. लूम जोरात चालू होते. सुकदेवनं हातानं खूण केली... वर बघ.

दिवा तीनदा पेटला. उज्ज्वलानं आनंदानं आईचा हात दाबला.

जरा थांबून आणखी तीनदा पेटला.

"माय, फुईसोबत कोण आलंय?" उज्ज्वलानं कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"तिची सवयच ती," सुंदरा म्हणाली. "वाटेत भेटलं असंल कुणीतरी." मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं. वत्सला जिथून येते, त्या वाटेवर कोण भेटतं...

तरी घरी जाऊन तिनं दुसरा पाट मांडला. आलेल्याला पाट मांडायचा, ही वत्सलाचीच शिकवण.

दारातून आत ओल्या पावलांच्या दोन जोड्या आल्या होत्या. एक वत्सलाची, डाव्या पायाची करंगळी टेकत नसे तिची. दुसरी कुणाची, सुकदेवलाही सांगता येईना.

दिवेलागणीला फरशी पुसायला सुंदरा वाकली, तेव्हा परत जाणारी पावलंही उमटलेली होती.

एकच जोडी. करंगळी न टेकणारी.