ग्लोव्ह सुकेपर्यंत

नील, तो फोन आधी पालथा ठेव. आणि सावनी, मध्येच फिदीफिदी हसायचं नाही, नाहीतर मी उठून आत जाईन आणि बातम्या लावीन. ‘नरेंद्रकाका, भुताची सांगा’ म्हणून तुम्हीच मागे लागलात. मला भुतंबितं कळत नाहीत. मी आयुष्यभर पाण्याचे पंप डिझाइन केले. आपल्या विक्रांतचं काय झालं तेवढं सांगतो. हो, तोच, इथून दोन स्ट्रीट पलीकडे राहतो तो. त्याने मला हे एकदाच सांगितलं, माझ्या ड्राइव्हवेवर उभं राहून. मी पुन्हा विचारलं नाही.

त्याचा शार्दूल तुम्हाला आठवत असेल. अकरा वर्षांचा, डावखुरा. घरात सगळे क्रिकेटवेडे आणि या पठ्ठ्याला बेसबॉल. जुन्या वस्तू विकणाऱ्या कुठल्याशा ऑप-शॉपमध्ये त्याला एक जुना ग्लोव्ह मिळाला होता. जाड, तपकिरी, आतल्या बाजूला वॉटलच्या फुलाचा छोटा शिक्का. डावखुरा म्हणजे फेकणार डाव्याने, त्यामुळे ग्लोव्ह उजव्या हातात. त्याला तो अगदी चपखल बसला.

घरात ग्लोव्ह एकच. दुसरा घ्यायचा तर विक्रांत म्हणायचा, “कशाला? आम्ही शिवाजी पार्कला सीझन बॉल नुसत्या हाताने पकडायचो.” आणि पकडायचा खरंच. हात लाल व्हायचा, पोरगं खदाखदा हसायचं. “बाबा, you’re crazy!”

मग ती नोव्हेंबरातली, इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावरची संध्याकाळ. दिवसभर उकाडा, हवेत गवताचे परागकण, आणि वादळ येणार असं रेडिओवर सांगत होते. शार्दूलला दमा होता. तो ग्लोव्ह घालून स्टडीच्या दारात आला. “बाबा, ten balls. Just ten.”

विक्रांत कॉलवर होता. त्याने मान वर न करता एक बोट दाखवलं. “उद्या.”

पोरगं एकटंच मागच्या अंगणात गेलं आणि कुंपणावर बॉल मारत बसलं. वादळ आलं तेव्हाही तिथेच होतं. वादळात परागकण फुटून हवेत भरतात, दम्याच्या माणसाचा श्वासच कोंडतो, तसंच झालं. ॲम्ब्युलन्स आठ मिनिटांत आली. उपयोग झाला नाही.

विक्रांत रडला नाही. मी स्वतः पाहिलं ना. लोक येत होते, डबे आणत होते, हा दारात उभा राहून “thanks, mate” म्हणत होता. तिसऱ्या आठवड्यात कामावर गेला. चहा गरम आहे की गार हेसुद्धा त्याला कळत नसे. मला एकदा म्हणाला, “नरेंद्र, आत काहीच होत नाही रे. दुखतही नाही.” हे ऐकून मला जास्त भीती वाटली.

त्याच्या बायकोचं, कौमुदीचं, उलट. ती दर शनिवारी तो ग्लोव्ह मांडीवर घ्यायची आणि त्याला खोबरेल चोळायची. शार्दूलच्या डोक्याला चोळायची तसं. कातडं मऊ राहावं म्हणून. कोण सांगणार तिला, की असल्या कातड्याला खोबरेल चालत नाही? सात महिने तिने तेल पाजलं. कातडं फुगलं, खवट वास सुटला, बोटं धरून ठेवणाऱ्या चामड्याच्या वाद्या कुजल्या. आणि ग्लोव्हच्या मधोमध त्या पोराच्या हाताने, बॉलने पडलेला जो खळगा असतो ना, तो एक दिवस नुसता लोळागोळा होऊन बसला. कौमुदी ओरडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, “विक्रांत, त्याचा हात गेला.”

तेव्हा हा हलला. शिक्क्यावरून शोध घेतला. इथून उत्तरेला, ह्यूम हायवेने अडीच तासांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, तुम्ही वीकेंडला गाडी काढून जाल. एके काळी तिथे कातडी कमावायच्या तीन टॅनऱ्या होत्या. वॉटल म्हणजे आपल्या बाभळीच्याच कुळातलं झाड. त्याच्या सालीच्या काढ्यात कातडी महिनोन् महिने भिजायची. ओढा बारा महिने चहासारखा वाहायचा म्हणे. खोगिरं, बूट, क्रिकेटचे बॉल, आणि एका घरात बेसबॉलचे ग्लोव्ह. आता सगळं बंद. त्या घरातला डेस नावाचा म्हातारा तेवढा उरलाय, ऐंशीच्या पुढचा.

गेल्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, जूनची चौदा तारीख, शनिवार. विक्रांत दुपारी तिथे पोचला. डेसने ग्लोव्ह नाकाशी नेला आणि विचारलं, “कोणतं तेल?” विक्रांतने सांगितलं. म्हातारा जरासा हसला. मग कामाला लागला. तेल काढलं. नव्या वाद्या ओवल्या. मागच्या शेडमध्ये त्याच्या बापाच्या वेळचा एक हौद होता, त्यात अजून सालीचा काढा भरून ठेवतो. त्यात ग्लोव्ह बुडवला.

“आता हा हातावरच सुकला पाहिजे,” डेस म्हणाला. “रात्र जाईल. सुकेपर्यंत हात बाहेर काढायचा नाही. मध्येच काढलास तर कातडं काहीच लक्षात ठेवणार नाही. ज्याचा ग्लोव्ह आहे त्याला बोलाव.”

विक्रांतने नकारार्थी मान हलवली.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मग ज्याच्याबरोबर तो खेळायचा, त्याचा हात.”

त्याच्याबरोबर खेळायचा, तो मीच का? विक्रांतच्या मनात आलं. त्याने नुसता उजवा हात पुढे केला.

हात कसला मावतोय! कशीबशी तीन बोटं गेली. डेसने त्याला शेडमध्ये खुर्चीवर बसवलं, एक हीटर लावला, अंगावर घोंगडी टाकली. हवा खेळायला हवी म्हणून अंगणाकडचं दार सताड उघडं ठेवलं. अंगणात वॉटलच्या सालीचा चुरा पसरलेला, पाऊल पडलं की कुरकुर वाजेल असा. साडेनऊला म्हातारा झोपायला घरात गेला.

विहान, पाणी पिऊन घे. नको? बरं.

दहा वाजले. अकरा. बाहेर दोन डिग्री. ओलं कातडं बोटांना आवळत होतं. बाराच्या सुमारास बोटं बधिर झाली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. सात महिने तो सगळाच तसा होता.

दोन चाळीसला हीटर बंद पडला. घड्याळ समोर होतं म्हणून वेळ नक्की ठाऊक. शेडमध्ये अंधार. दार तेवढं जरा उजळ.

आणि ग्लोव्हच्या आत काहीतरी हललं.

त्याला वाटलं कातडं सुकताना ओढ घेतंय. पण नाही. रिकाम्या जागेत... त्याच्या बोटांच्या शेजारी... दुसरी बोटं सरकत आत आली. छोटी. गरम. एक एक करून आपल्या जागी बसली.

हात काढायचा नाही. एवढंच त्याच्या डोक्यात. हात काढायचा नाही.

“शार्दूल?”

...



मग ती बोटं हळूच निघून गेली. बाहेर अंगणात साल वाजली. कुर्र. कुर्र. पावलं लांब जात होती. मागे मागे. शार्दूल बॉल टाकायच्या आधी अशीच पावलं मोजत मागे जायचा, पंधरा.

पंधरा झाली. थांबली.

बाहेर कोणी नव्हतं. डोळे फाडफाडून पाहिलं, म्हणाला. नुसतं अंगण, कुंपण, दव.

उजवा हात तर ग्लोव्हमध्ये. तो काढायचा नाही. विक्रांतने घोंगडी बाजूला केली. डावा हात अंधारात पुढे धरला. नुसता. उघडा.

“टाक,” तो म्हणाला.

...

यापुढचं त्याला आठवत नाही. आठवत नाही की सांगत नाही, कोण जाणे.

सकाळी साडेसहाला डेस आला. ग्लोव्ह कोरडा ठणठणीत. खळगा परत आला होता, अगदी पहिल्यासारखा, अकरा वर्षांच्या हाताचा. विक्रांतने हात बाहेर काढला, आणि तेव्हा म्हाताऱ्याचं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. डावा तळहात सुजून टम्म झालेला. मधोमध लाल ठसा. बेसबॉलच्या शिवणीचा, टाके मोजता येतील इतका स्पष्ट.

“इथे बॉल नाही ठेवलेला,” डेस म्हणाला. “माझ्याकडे वीस वर्षांत बॉल नाही.”

विक्रांतने तळहातावर अंगठा दाबला. आणि म्हणाला, “दुखतंय.”

मग त्या खुर्चीतच तो रडला. सात महिन्यांचं. म्हातारा दारात पाठ करून उभा राहिला.

काय म्हणतेस ग सावनी? “खुर्चीला आपटला असेल झोपेत.” असेल ना. त्याच्या जीपी डॉक्टरनेही तेच सांगितलं, मुका मार आहे, आठवड्याभरात उतरेल. No worries.

अकरा महिने झाले त्याला. ग्लोव्ह शार्दूलच्या खोलीत खिडकीवर आहे, त्याला आता कोणी तेल लावत नाही. कौमुदी दर शनिवारी रात्री विक्रांतचा डावा हात मांडीवर घेते आणि तळहाताला खोबरेल चोळते. तोवर ठसा फिकट होत होत जवळजवळ गेलेला असतो. दिवे मालवून दोघं झोपतात.

आणि रविवारी सकाळी टाके पुन्हा लाल असतात.