भरतीआधी एक तास

“मासुझो, कान लाव आणि ऐक!”

किनूने विमानाच्या खालच्या पंखावर बोटांनी ठोकलं. टण्, टण्, टण्... आणि मध्येच थप्प!

“आतलं लाकूड फुटलंय!” मासुझो म्हणाला. तो होड्या बांधणाऱ्या सुताराचा मुलगा, लाकडाचा आवाज त्याला बरोब्बर कळायचा. “एवढंच कापड बघ, कसं कोरं करकरीत आहे! आणि सरसाचा वास! कुणीतरी फूट झाकलीय.”

“काल विमान कलंडलं ना, तेव्हाच मोडलं असणार!” किनूची धाकटी बहीण योने म्हणाली.

उन्हाळ्याची सुट्टी होती. ओहोटीला जपानमधल्या इनागे किनाऱ्याची घट्ट वाळू दूरवर उघडी पडायची. तिथे ही तिघं शिंपल्या वेचायची आणि हिराबायाशी स्वतः बांधलेलं विमान वैमानिकाकडून पळवून बघायचा. आज ते पहिल्यांदा उडणार म्हणून सगळा गाव लोटला होता.

“चिखलातल्या बेडकांनो, हात कुणी लावला?”

हिराबायाशीची वेताची छडी सप्पकन मासुझोच्या कानावर बसली. रक्त आलं.

“पंख फुटलाय!” किनू ओरडली.

“ठाऊक आहे मला,” हिराबायाशी हळू आवाजात म्हणाला. “एक फेरी टिकेल. नाही टिकला तर वैमानिक दुसरा मिळेल. चला, पळा!”

तिघं धावत वैमानिक ओगाताकडे गेली. तो सातूचा चहा पीत बसला होता. सगळं ऐकून तो मोठ्याने हसला. “शिंपल्या वेचणारे आता मला विमान शिकवणार?”

“ओगाताकाका, तुम्ही मराल हो!” योने रडवेली झाली.

“जा गं, घरी जा.”

किनूने समुद्राकडे पाहिलं. पाणी वळलं होतं. “तासाभरात भरती इथवर येते, मग उडायला वाळूच उरणार नाही. तेवढा वेळ विमान हललं नाही पाहिजे!”

थोड्याच वेळात योनेने वाळूत लोळण घेतली. “खेकडा! आई गं, बोट तोडलं!” विमानाजवळची माणसं गंमत बघायला धावली. मदत कुणीच केली नाही, सगळे हसत राहिले. तेवढ्यात मासुझोने विमानाच्या शेपटीला जाड दोर बांधला, दुसरं टोक होड्या बांधायच्या खुंटाला अडकवलं आणि किनूने वरून वाळू लोटली.

इंजिन गरजलं. पंखा गरगरला. माणसांनी विमान सोडलं... विमान जागचं हलेना!

“इंजिनात जोर नाही!” हिराबायाशी किंचाळला. इंजिन खोललं, पुसलं, पुन्हा लावलं. शेपटीकडे एकानेही पाहिलं नाही!

लोक मात्र तापले. “भित्रा! उड ना, भित्र्या!” चिखलाचे गोळे उडाले, मग शिंपले. एक धारदार शिंपला ओगाताच्या डाव्या डोळ्यात घुसला. तो गुडघ्यांवर कोसळला, तरी लोक हसतच होते.

 किनूला हे नको होतं!

पाणी चाकांना लागलं. “ओढा, विमान बाहेर ओढा!” हिराबायाशी ओरडला. किनूने पाण्याखाली हात घालून दोर सोडला. दहा जणांनी पंखाला धरून हिसका दिला आणि कडाड्! पंख मधोमध मोडला. फाटक्या कापडातून सरसाने माखलेल्या चिंध्या बाहेर लोंबल्या.

लोक चिंध्या बघायला पुढे सरसावले.

“हिराबायाशीला हे ठाऊक होतं!” रक्ताळलेला कान धरून मासुझो ओरडला. गर्दीतल्या हवालदाराने चिंध्या हातात घेऊन पाहिल्या आणि हिराबायाशीचं मनगट पकडलं.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात मुख्याध्यापकांनी तिघांना पुढे बोलावलं. “या मुलांनी माणसाचा जीव वाचवला!” सरपंचांनी किनूची पाठ थोपटली. “शाब्बास, पोरी!” किनू अंग चोरून बाजूला झाली. सरपंचांनीही शिंपले फेकले होते, तिने पाहिलं होतं.

आठवड्याने तिघं ओगाताला भेटायला गेली. तो छपराखाली लाकडाच्या ढिगापाशी बसला होता, डोळ्यावर पट्टी.

“डोळा गेला,” तो म्हणाला. “आता मला कुणी विमान चालवू देणार नाही. दोर कुणी बांधला होता?”

“मासुझोने. पण सांगितलं मी,” किनू कशीबशी म्हणाली.

तो लाकडाच्या ढिगाकडे वळला. तिघांनाही वाटलं, हा आता हाकलणार.

मग त्याने एक लांब फळी उचलून मासुझोच्या पुढ्यात ठेवली.

“नवं विमान बांधतोय. उडवणारा दुसरा कुणी असेल. ही ठोकून बघ,” तो म्हणाला, “आणि कुठे फुटलीय ते नीट सांग.”