एकशे सतरा माझा

कमेंटमध्ये 'छान कल्पनाशक्ती' असं लिहायचं असेल तर आत्ताच लिहून मोकळे व्हा.

मला कल्पनाशक्ती नाही. साधी थापसुद्धा मला धड मारता येत नाही, घरी कुणालाही विचारा.

हे माझ्याच बाबतीत घडलंय. तेही रात्री नाही, भर दुपारी. रविवार होता. मी ज्या हॉस्पिटलात काम करते तिथली कॉम्प्युटर रूम. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे. खिडकी नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हॉस्पिटलच्या डेटाबेसमध्ये पेशंटचं टेबल असतं. नाव, वय, वॉर्ड, नातेवाइकाचा फोन नंबर, असे एकेक कॉलम. आतली माहिती वॉर्डवाले भरतात. मी फक्त कॉलम बघते. कुठला वाढवायचा, कुठला काढायचा. थोडक्यात, कपाटातले कपडे माझे नाहीत, कप्पे माझे.

चालू डेटाबेसमध्ये परस्पर काही बदलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. बदल हवा असेल तर त्याची फाईल लिहायची. फाईलला नंबर द्यायचा. आधी चाचणीच्या प्रतीवर चालवायची, मग चालू डेटाबेसवर. कुठला नंबर कुणी आणि कधी चालवला, याची नोंद सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं. शिवाय प्रत्येक फाईलची एक उलट फाईल असते. बदल अंगाशी आला तर मागे फिरायला.

दोघांनी चुकून एकच नंबर घेतला तर सगळा विचका होतो. म्हणून आमच्याकडे नंबर मोठ्यानं सांगतात. 'एकशे बारा माझा.' एकदा म्हटलं की तो नंबर त्याचा. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही.

ही पद्धत हळूकाकांनी पाडलेली.

खरं नाव लिहीत नाही, त्यांच्या घरचे वाचत असतील. आमच्या खोलीतले सगळ्यांत जुने. आवाज इतका बारीक की कान द्यावा लागायचा. आम्ही एंटर दाबायला गेलो की मागून यायचे आणि म्हणायचे, "हळू, पोरी. हळू." म्हणून हळूकाका.

वॉर्डातल्या सिस्टर कधीपासून त्यांच्या मागे लागल्या होत्या. नातेवाइकाचा एकच नंबर ठेवायची सोय आहे, तो लागला नाही तर करायचं काय? दुसऱ्या नंबरसाठी कॉलम द्या.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी काका खुर्चीतून म्हणाले, "एकशे सतरा माझा. सोमवारी दुसऱ्या नंबरचा कॉलम टाकून देतो."

त्याच संध्याकाळी बसस्टॉपवर त्यांच्या छातीत कळ आली. लोकांनी आमच्याच हॉस्पिटलात आणलं. सिस्टरनं त्यांच्या बायकोला फोन लावला. काकूंचा फोन घरी चार्जिंगला, आणि काकू शेजारी. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा नंबर कुठेच नव्हता.

ठेवायला जागाच नव्हती.

काका गेले तेव्हा त्यांच्याजवळ घरचं कुणी नव्हतं.

त्यानंतर आम्ही एकशे सोळावरून थेट एकशे अठरावर गेलो. असं कुणी ठरवलं नव्हतं. पण एकशे सतरा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. दुसऱ्या नंबरचं कामही मागे पडलं ते पडलंच. काकांचं टेबल तसंच राहिलं. त्यावरचा फोन बंद केला, त्याची वायर काढून फोनलाच गुंडाळून ठेवली.

आता त्या रविवारबद्दल.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि ती हटून बसली. मधला एक नंबर गायब आहे म्हणे, तो दिल्याशिवाय पुढचं काही चालवणार नाही. साहेब म्हणाले, एकशे सतरा नंबरची रिकामी फाईल टाक. आत काही नको, फक्त भोक बुजव. रविवारी ओपीडी बंद असते, तेव्हा उरकून घे.

मला ते बरंच पडलं. आई वरच तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट होती. न्यूमोनिया. उतार पडला होता, दोन दिवसांत घरी सोडणार होते. दादा दुसऱ्या दिवशी येणार होता, तोवर तिचं म्हणून जवळ असणारी मी एकटीच.

जेवणानंतर तिच्याजवळ बसले. तिनं माझ्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड बघितलं आणि म्हणाली, "मला बघायला आलीस की कामाला?"

"दोन्ही. एका तिकिटात."

"जा. पण फोन जवळ ठेव."

मी हो म्हटलं आणि खाली आले. आणि खाली येऊन फोन सायलेंट करून ड्रॉवरमध्ये टाकला. चालू डेटाबेसवर काम करताना फोन बाहेर ठेवायचा नाही, हाही आमच्याकडचा नियमच. हाताला सवय झालेली. आईचं बोलणं डोक्यात होतं, पण हात आपलं काम करून मोकळा झाला.

खोलीत मी एकटी. काचेपलीकडे सर्व्हरचे पंखे घरघरत होते. बाकी काही नाही.

रिकामी फाईल तयार केली. नंबर लिहिला. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "एकशे सतरा माझा."

मागे...

खुर्ची करकरली.

वळून बघितलं. काकांची खुर्ची जागच्या जागी होती. एसीची हवा, म्हटलं. एसी खुर्च्या हलवत नाही हे मलाही कळतं, पण त्या वेळी तेवढं पुरलं.

चाचणीच्या प्रतीवर फाईल चालवली. गेली बिनबोभाट. मग चालू डेटाबेसवर चालवली.

उत्तर आलं...

एकशे सतरा आधीच चालवलेली आहे.

नोंद उघडली. वेळ आत्ताची. माझ्या आधी काही क्षण. आणि चालवणाऱ्याचं लॉगिन... हळूकाकांचं.

ते लॉगिन मी स्वतः बंद केलं होतं. काका गेल्याच्या आठवड्यात, डोळे पुसत.

पहिल्यांदा मला राग आला. वाटलं, कुणीतरी चावटपणा करतंय. पेशंटचं टेबल उघडलं. शेवटी एक नवा कॉलम होता. नातेवाइकाचा दुसरा नंबर.

आदल्याच संध्याकाळी मी चाचणीची प्रत आणि चालू डेटाबेस शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितले होते. हा कॉलम नव्हता. कशाचीही शपथ घालून विचारा, नव्हता.

नवा कॉलम रिकामा असतो. माहिती नंतर भरतात. हा मात्र...

वरपासून खालपर्यंत भरलेला होता.

प्रत्येक पेशंटपुढे एकच नंबर. दोनशे नऊ.

तीन आकडी फोन नंबर कसला, कुणीतरी चुकून भरलाय असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की तो हॉस्पिटलच्या आतल्या लाईनचा आहे. या खोलीतला. काकांच्या टेबलावरच्या फोनचा.

आईच्या नावापुढेही तोच. पहिला नंबर माझा, दुसरा दोनशे नऊ.

 तरी मी करायचं ते करायला घेतलं. फाईलशिवाय आलेला कॉलम ठेवायचा नसतो. तो काढायची आज्ञा लिहिली. बोट एंटरवर नेलं.

आणि मागे...

फोन वाजला.

मी वळले. काकांच्या टेबलावरचा फोन वाजत होता. वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली. तिचं मोकळं टोक टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होतं, मला स्पष्ट दिसत होतं.

वाजून वाजून थांबला. मी श्वास सोडला.

पुन्हा वाजला.

का उचलला ते मला आजही सांगता येत नाही. भीती तर वाटतच होती. पण त्या खोलीत तो आवाज नुसता ऐकत बसणं त्याहून कठीण होतं. रिसीव्हर कानाला लावला.

एका बाईचा आवाज. घाईतला.

"काका, परत तुम्हालाच त्रास देतेय. कॉट अकराच्या आजींना दम लागलाय, मास्क लावू देत नाहीयेत. मुलगी फोन उचलत नाही."

कॉट अकरा म्हणजे माझी आई.

मी बोलायला तोंड उघडलं. 

आणि माझ्या कानाशी, त्याच रिसीव्हरमधून...

अगदी बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "पाठवतो."

मी रिसीव्हर टाकला आणि धावत सुटले. लिफ्टची वाट बघितली नाही. जिन्यात काय मनात होतं ते आठवत नाही, फक्त आई आई म्हणत होते.

आईभोवती माणसं जमली होती. डॉक्टर मास्क लावायला बघत होते आणि ती घाबरून सगळ्यांचे हात झटकत होती. ओठ निळसर झाले होते. मी तिचं डोकं छातीशी धरलं. म्हटलं, "आई, मी आलेय. लावू दे त्यांना." तिनं माझ्याकडे बघितलं, माझं मनगट घट्ट पकडलं आणि हात खाली घेतले.

मास्क लागला.

डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थोडा वेळ झाला असता तर कठीण होतं. आई वाचली. हे आधी सांगते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो.

संध्याकाळी मी फोन करणाऱ्या सिस्टरला गाठलं. तरुण मुलगी. काका गेल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी लागलेली. विचारलं, फोन कुणाला लावला होतास?

ती म्हणाली, "आधी तुम्हाला. मग स्क्रीनवरच्या दुसऱ्या नंबरला. काका उचलतात ना तिथे."

"केव्हापासून?"

"मी आले तेव्हापासून. का हो?"

 म्हटलं, काय बोलतात ते?

"फार नाही बोलत. एकच विचारतात, 'सोबत कोणी आहे का?' मी नाही म्हटलं की म्हणतात, पाठवतो. आणि खरंच कुणीतरी येतं, बघा. नातेवाईक म्हणतात, आम्हाला उगाच इकडे यावंसं वाटलं." मग हसून म्हणाली, "फार चांगला माणूस आहे. आवाज तेवढा बारीक."

मी तिला काही सांगितलं नाही. तिला रोज त्या वॉर्डात बसायचं असतं.

सोमवारी साहेबांना घेऊन बसले. टेबल उघडलं...

तो कॉलम नव्हता.

नोंदीत एकशे सतरा माझ्या नावावर. रिकामी फाईल, यशस्वी. काकांच्या लॉगिनची कुठे खूण नाही. रिसीव्हर मी टेबलावर टाकून पळाले होते, तो फोनवर नीट ठेवलेला होता. वायर तशीच गुंडाळलेली.

साहेबांनी मला पाणी दिलं आणि सुट्टी घे म्हणाले. मी म्हटलं, सुट्टी नंतर, आधी काम. त्याच दिवशी फाईल लिहिली. दुसऱ्या नंबरचा कॉलम, खराखुरा. फाईल चाचणीवर चालवली, मग चालू डेटाबेसवर. आईच्या नावापुढे दादाचा नंबर घातला. मग काकांच्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "झालं हो काका. आता बसा निवांत."

त्या एका फाईलची उलट फाईल मी लिहिलेली नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. राहून गेली, असं सांगते.

त्यानंतर सिस्टर एकदा म्हणाली की काकांचा नंबर आता दिसत नाही, बदली झाली का? मी हो म्हटलं. मला वाटलं, विषय संपला.

हे लिहायला बसले त्याला कारण परवाची संध्याकाळ.

आम्ही घरी होतो. आई समोर पलंगावर मोज्यांच्या घड्या घालत होती, आता ठणठणीत आहे. दादा आलेला. तो पायावर पाय टाकून टीव्ही बघत होता आणि आई त्याला पोटावरून चिडवत होती. माझी म्हणावी अशी सगळी माणसं त्या एका खोलीत होती.

माझा मोबाईल वाजला.

नंबर बघितला...

दोनशे नऊ.

आतल्या फोनचा नंबर बाहेर असा दिसत नाही. आणि त्या फोनला तर वायरच नाही.

पहिला विचार आला, कुणाला काय झालं? आईकडे बघितलं, दादाकडे बघितलं. दोघं हसत होते. मग हा फोन कुणासाठी?

उचलला.

मागे सर्व्हरचे पंखे घरघरत होते.  मग तो बारीक आवाज, कान द्यावा लागणारा.

"पोरी... तुझ्यासोबत कोणी आहे का?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आहे, काका. आई आहे, दादा आहे."

"बरं," ते म्हणाले. फोन बंद झाला.

आई विचारत होती कुणाचा फोन, एवढी पांढरी का पडलीस. ऑफिसचा, म्हटलं. काल सगळ्या तपासण्या करून आले. रिपोर्ट चांगले आहेत. मला काहीही झालेलं नाही.

दादा आज सकाळी परत जाणार होता. मी त्याला थांबवून घेतलंय, कारण न सांगता. तो आत झोपलाय, आई त्याच्यावर पांघरूण घालतेय आणि मी दाराशी बसून हे लिहितेय, दोघं दिसतील अशी.